दोन निळी बुचे

(द्वितीय वर्ष, कला)

"तुमच्या दारात गाडी आहे, म्हणजे तुम्ही सुखी माणसं!" असे माझी एक मैत्रीण मला नेहमी म्हणते. तिचे म्हणणे अर्धे खरे आहे. गाडी आमची आहे. परंतु ज्या दिवशी ती दारात उभी असते त्या दिवशी आमच्या घरात काळजी असते, आणि ज्या दिवशी ती दारात नसते त्या दिवशी घर आनंदात असते. माझे वडील भाड्याची गाडी चालवतात. रत्नागिरी स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना गणपतीपुळे, पावस, थिबा राजवाडा, आरे-वारेचा किनारा असे फिरवून पुन्हा स्टेशनवर आणून सोडायचे, यावर आमचे घर चालते. गाडी थांबली की चूल थांबली, इतका सरळ हिशेब आहे.

गेल्या एप्रिलमध्ये ही गाडी चार दिवस आमच्या खळ्यात उभी राहिली. त्या चार दिवसांची ही हकिगत. तिच्यात माझी एक चूक आहे. ती घरात सांगावी की सांगू नये, याचा विचार करण्यात मी एक अख्खी रात्र घालवली होती. आज ती सर्वांसमोर सांगते आहे.

सुरुवात एका आवाजाने झाली. 'कुलिंग' लावले की बॉनेटमधून जात्यात खडा आल्यासारखी घरघर येऊ लागली. पुढे पुढे आवाज तसाच राहिला आणि समोरच्या झरोक्यांतून येणारा वारा मात्र कोमट होत गेला. बाबांना स्वतःला कुलिंगचे सुखदुःख नाही. पाहुणे उतरले की ते पहिल्यांदा कुलिंग बंद करतात आणि काचा खाली घेतात. तेवढेच डिझेल वाचते. पण मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे "गाडीला एसी आहे ना?" हे विचारल्याशिवाय पुढचा शब्द बोलत नाहीत. अन् आमचा वर्षाचा हंगाम तो तेवढाच.

आमच्याकडचा उन्हाळा आकड्यांत मोठा दिसत नाही. विदर्भात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा रत्नागिरीत तो 33-34 अंशांवर असतो. तरीही तिकडचा माणूस इकडे आला की हैराण होतो. कारण इथे घाम येतो, पण वाळत नाही. आजी म्हणते, देशावरच्या माठातले पाणी प्याले की दात शिवशिवतात, आपल्या माठातले पाणी नुसते पाणी असते. लहानपणी मला वाटे, माती वेगळी असेल. खरे कारण हवेत आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आमची समुद्राकाठची हवा आधीच ओलाव्याने भरलेली. ती आणखी वाफ घ्यायला राजी नसते. म्हणून इकडे माठही थकतो आणि माणूसही. ओलाव्याची ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे माझी फजिती तिनेच केली.

बाबांनी गाडी गॅरेजमध्ये दाखवली. कॉम्प्रेसर गेला होता. सगळे सामान नवे, मजुरी, गॅस मिळून 31 हजारांचा अंदाज निघाला. गॅरेजवाल्याचे काही चुकले नव्हते. कामच तसे होते. पण हंगामाच्या तोंडावर 31 हजार आणायचे कोठून? आईने बचतगटातून 18 हजार उचलले. तेवढ्यात काम बसवायचे, तर मजुरी वाचवायला हवी होती. अशा वेळी आमच्या वाडीत एकच माणूस आठवतो, तो म्हणजे शेजारचे चाचा.

चाचांनी कुवेतमध्ये वीस-बावीस वर्षे थंडाव्याच्या यंत्रांचे काम केले. आता ते गुडघ्यांनी अडले आहेत. वाकता येते, पण बसता येत नाही. बाबांना ते म्हणाले, "कोल्हापूरहून सामान मागव. पंप, गेज, वजनकाटा माझ्याकडे आहे. डोकं माझं, हात तुझे." पुढे त्यात माझेही हात आले.

शनिवारी सकाळी चाचा खुर्ची घेऊन आमच्या खळ्यात येऊन बसले. त्यांनी पहिल्यांदा गाडीच्या दोन नळ्यांना गेज लावले. दोन्ही काटे शून्यावर. कॉम्प्रेसरच्या पुढच्या अंगाला तेलाचा काळा डाग होता. तिथल्या सीलमधून गॅस केव्हाच गळून गेला होता. "आत गॅस असता तर मी एक नट सैल करू दिला नसता," चाचा म्हणाले, "आधी मशीनवर नेऊन तो काढून घ्यावा लागला असता. डोळ्यांत गेला तर डोळा जातो." हा गॅस म्हणजे आर-134ए. तो मोकळ्या हवेत उणे 26 अंशांनाच उकळतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते.

"मग आपला गॅस गेला कुठे?" आजीने विचारले. "हवेत," चाचा म्हणाले. आजीचे समाधान झाले. माझे झाले नाही. पहिल्या वर्षाला पर्यावरणाच्या पेपरात मी याच विषयावर दोन पाने लिहिली होती. पूर्वी गाड्यांत आर-12 नावाचा गॅस असे. असल्या गॅसांमुळे आकाशातला ओझोनचा थर विरळ होतो, हे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी 1974 साली दाखवून दिले. 1987 साली मॉन्ट्रियलचा करार झाला आणि आर-12 हळूहळू बंद झाला. मोलिना आणि रोलंड यांना 1995 साली पॉल क्रुटझेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गॅसाच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1400 पट भारी आहे. म्हणून 2016 साली किगाली येथे असे गॅसही कमी करत नेण्याचे ठरले आणि भारताने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली. हे सारे मी पेपरात लिहिले होते आणि बरे गुणही मिळवले होते. बॉनेटच्या आतल्या चिठ्ठीवर 700 ग्रॅम गॅस लिहिला होता. मी मनात गुणाकार केला: जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइडइतका भार आमच्या खळ्यातून कोणाला न कळता निघून गेला होता. पेपरातले उत्तर आणि आपल्या दारातली गळती या एकाच गोष्टी असतात, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

चाचांनी काम सुरू करायच्या आधी मला यंत्र समजावून सांगितले. मी इथे माझ्या शब्दांत सांगते. यंत्र थंडी तयार करत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. म्हणजे माठाचेच काम. फरक एवढाच की, माठातली वाफ उडून जाते ती जाते, आणि इथे त्या वाफेला पकडून पुन्हा द्रव करायची सोय असते. समोरच्या पडद्याआड एक जाळी असते. तिच्यात गॅस उकळतो आणि उकळताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. त्या थंड जाळीवर हवेतला ओलावा पाणी होऊन जमतो आणि नळीने खाली ठिबकतो. पाहुणे ते पाहून "गाडी गळते वाटतं!" म्हणतात. मग तो वाफ झालेला गॅस कॉम्प्रेसर ओढतो, दाबतो आणि तापलेला असा पुढच्या जाळीत ढकलतो. ती जाळी असते गाडीच्या तोंडाशी. तिथे वारा लागून गॅस उष्णता सोडतो आणि पुन्हा द्रव होतो. पुढे तो एका बारीक वाटेने आतल्या जाळीत सुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. या फेऱ्यातले हृदय म्हणजे कॉम्प्रेसर.

या वाटेवर एक छोटी बाटली असते. तिला ड्रायर म्हणतात. तिचे काम मी तेव्हा नीट ऐकले नाही. कॉम्प्रेसर एवढा मोठा, एवढा महाग. त्याच्यापुढे वीतभर बाटलीकडे कोण लक्ष देतो?

बाबांनी बॅटरीची वायर सोडली. गाडी जॅकवर घेतली आणि खाली फणसाच्या लाकडाचे दोन ओंडके व काढलेले चाक सरकवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही, ही चाचांची पहिली अट. पट्टा कोणत्या कप्पीवरून कसा फिरतो त्याचे चित्र मी वहीत काढून घेतले. पट्टा उतरला, वायरची जोडणी सुटली, दोन नळ्या सुटल्या. चाचांनी नळ्यांच्या तोंडांना लगेच प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावायला सांगितले. चार बोल्टांपैकी तीन निघाले. चौथा मागच्या बाजूला, अगदी खाली होता. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने तो गंजून कॉम्प्रेसरशी एकजीव झाला होता. बाबांचा हात तिथे जाईना. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. शेवटी मी म्हटले, "मी बघू?"

"पोरीच्या जातीनं हे करायचं?" पडवीतून आजी म्हणाली.

"तिचा हात बारीक आहे," चाचा म्हणाले. आजीच्या प्रश्नाला एवढेच उत्तर होते आणि ते पुरले.

गंज सोडवणारे तेल तीनदा मारून, पाना लावून, त्याला वरून बाबांनी नळी अडकवून जोर दिला, तेव्हा साडेचारच्या सुमारास तो बोल्ट किर्रर्र करून हलला. माझ्या बोटांची साले निघाली होती. पण मला कॉलेजात पहिले बक्षीस मिळाल्यासारखे वाटत होते. जुन्या कॉम्प्रेसरमधले तेल चाचांनी वाटीत काढले, दोन बोटांत चोळून पाहिले. लोखंडाचा कीस नव्हता. "नळ्या स्वच्छ आहेत. नशीब चांगलं," ते म्हणाले.

तेवढ्यात एस. टी. स्टँडवरून कोल्हापूरचे पार्सल आले: नवा कॉम्प्रेसर, नवा ड्रायर, ओ-रिंगांची पुडी. चाचा म्हणाले, "उद्या सहाला सुरू करू. दुपारी तुझं भाडं आहे, त्याच्या आत हवा आणि गॅस होऊन जाईल." रविवारी दुपारच्या गाडीने मुंबईचे एक कुटुंब येणार होते. तीन दिवसांचे काम, नऊ हजारांचे. बाबांनी आगाऊ दोन हजार घेतलेही होते.

चाचा गेले, बाबा आंघोळीला गेले. मी पडवीत बसून नवे सामान वर्तमानपत्रावर मांडत होते. ड्रायरच्या दोन तोंडांना दोन निळी प्लास्टिकची बुचे होती. एवढ्याशा बाटलीत अकराशे रुपयांचे काय आहे, म्हणून मी एक बूच काढले. 'फुस्स' असा लहानसा आवाज झाला. आत काळोख, काही दिसले नाही. दुसरे काढले. तिथूनही काही दिसले नाही. तेवढ्यात आईने पाण्याला हाक मारली. मी बाटली तशीच खिडकीत ठेवली आणि उठले.

रात्री अकरा वाजता अभ्यासाची वही मिटून मी खोक्यातली कागदपत्रे वाचायला घेतली. ती इंग्रजीत होती. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. त्यामुळे बँकेचे पत्र, विम्याचा कागद, औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर, सारे माझ्याकडे येते. कागद हातात घेतला की मला थोडा अभिमानही वाटतो, हे कबूल केले पाहिजे. ड्रायरच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिले होते: जोडणीची शेवटची घटका येईपर्यंत बुचे काढू नयेत, उघडा राहिलेला ड्रायर वापरू नये. खाली कारण दिले होते. आत 'डेसिकंट' असते. मोबाईलवर अर्थ पाहिला: ओलावा शोषून घेणारा पदार्थ. नव्या चपलांच्या खोक्यात जी दाण्यांची पुडी निघते, तिचाच मोठा भाऊ. गाडीच्या नळ्यांत चुकून राहिलेला ओलावा टिपायचा, हे त्या बाटलीचे काम. आणि मी तिला साडेपाचपासून अकरापर्यंत रत्नागिरीच्या हवेत उघडी ठेवली होती! पावसाळ्यात पापड सादळतो तसा तो ड्रायर खिडकीत बसून सादळला होता. टिपकागद आधीच भिजवून ठेवावा आणि मग त्याच्यावर शाई सांडायची वाट पाहावी, तसे.

मी दोन्ही बुचे पुन्हा घट्ट बसवली. बाटली पूर्वीसारखीच दिसू लागली. अगदी तशीच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी हिशेब करत होते. सांगितले, तर नवा ड्रायर कोल्हापूरहून यायला हवा. रविवारी दुकान बंद, सोमवारी सांगायचे, मंगळवारी पार्सल. म्हणजे नऊ हजारांचे भाडे गेले. न सांगितले, तर? उद्या दुपारी गाडी स्टेशनवर जाईल, कुलिंग गार लागेल, सगळे खूष होतील. कागदात पुढचेही लिहिले होते. ओलावा आत राहिला की तो बारीक वाटेवर बर्फ होऊन बसतो आणि कुलिंग मध्येच थांबते. तेलाशी आणि गॅसशी मिळून तो आंबट होतो आणि धातू खात जातो. पण ते आज नव्हे. सहा महिन्यांनी, वर्षाने. तेव्हा सगळे म्हणतील, "सामानच हलकं निघालं." कोल्हापूरच्या दुकानदाराला शिव्या बसतील, कदाचित चाचांच्या हाताला नाव ठेवले जाईल. माझे नाव कोणी घेणार नाही. कारण तो कागद वाचणारी घरात मी एकटीच होते. माझी चूक मलाच ठाऊक होती आणि तिचा पुरावाही माझ्याच हातात होता.

अशिक्षित माणसाची चूक सगळ्यांना दिसते. बाबा बँकेत फॉर्म चुकीचा भरतात तेव्हा काऊंटरवरचा कारकून चार लोकांत तो परत करतो. शिकलेल्या माणसाची चूक लपू शकते, कारण ती ज्या भाषेत लिहिलेली असते ती भाषा इतरांना येत नाही. हा विचार मनात आला तेव्हा मला स्वतःची भीती वाटली. मला शिकवण्यासाठी घरातल्यांनी पोटाला चिमटा घेतला, तो मी त्यांच्यापासून काही लपवू शकावे म्हणून नव्हे.

पहाटे बाबा मागीलदारी चहा बशीत ओतत होते. मी जाऊन सांगितले. त्यांनी बशी खाली ठेवली.

"किती वेळ उघडी होती?"

"साडेपाच ते अकरा."

"चाचांना विचारू," एवढेच ते म्हणाले. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

चाचांनी बाटली हातात घेतली, मान हलवली. "गेली ही." आजी म्हणाली, "उन्हात घाला की, पापडागत." त्याही परिस्थितीत चाचांना हसू आले. ते म्हणाले, "आजी, आपल्या उन्हानं हा वाळत नाही." बाबा बाजूला जाऊन फोनवर बोलले. ते भाडे त्यांनी स्टँडवरच्या दुसऱ्या गाडीवाल्याला दिले आणि आगाऊचे दोन हजारही त्याच्याकडे पोचवले. परत आले तेव्हा मी रडत होते. चाचा म्हणाले, "रडतेस कशाला? आता तो कागद पहिल्यापासून वाच. मराठीत सांग. एक ओळ सोडू नकोस."

मी वाचत गेले. अडले तिथे अडले म्हणून सांगितले. ड्रायरचा कागद संपल्यावर कॉम्प्रेसरचा घेतला. त्यात तेलाचा परिच्छेद आला, तसे चाचांनी मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. नव्या कॉम्प्रेसरमध्ये 120 मिलिलिटर तेल भरून येते. पण जुने तेल थोडेफार नळ्यांत आणि जाळ्यांत राहिलेले असते. म्हणून जुन्यातून जेवढे निघाले तेवढेच नव्यात ठेवावे, जास्तीचे काढून टाकावे. नव्या ड्रायरसाठी थोडे अधिक धरावे. तेल जास्त झाले तर ते जाळ्यांत साचते आणि कुलिंग कमी होते. चाचा गप्प झाले. मग म्हणाले, "मी भरल्यासारखाच बसवणार होतो. घरच्या एसीची सवय. बरं झालं वाचलंस." खोकल्याच्या औषधाचे 10 मिलिलिटरचे टोपण घेऊन आम्ही वाटीतले जुने तेल मोजले. सात टोपणे भरले. नव्यात आठ ठेवली, बाकीचे काढले. माझी चूक यामुळे भरून निघाली असे मी म्हणत नाही. पण कागद चारचौघांत मोठ्याने वाचला असता तर ती घडलीच नसती, हे मात्र त्या वेळी लख्ख समजले.

रविवारी आम्ही कॉम्प्रेसर बसवला. चौथा बोल्ट मीच लावला. चाचांनी त्याचा आस हाताने दहा-बारा वेळा फिरवून घेतला. मंगळवारी दुसरा ड्रायर आला. त्याची बुचे चाचांनी माझ्याच हाताने, नळीचे तोंड समोर धरून, अगदी शेवटी काढवली. नव्या ओ-रिंगांना तेलाचे बोट लावून नळ्या जोडल्या आणि पंप सुरू केला.

पंपाचे काम मला फार आवडले. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळते. डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून त्याआधी उकळते, हे शाळेत शिकले होते. पंप नळ्यांतली हवा इतकी ओढून घेतो की आत चुकून राहिलेले पाणी आपल्या साध्या 30 अंशांच्या उन्हाळ्यातच उकळून वाफ होते आणि बाहेर खेचले जाते. काटा उतरत उतरत 29 इंचांच्या पुढे गेला. तासाभराने चाचांनी झडप बंद केली, पंप थांबवला आणि म्हणाले, "आता अर्धा तास कोणी बोलू नका!" काट्याला आमच्या बोलण्याचे काय? पण आम्ही खरेच बोललो नाही. काटा हलला असता तर कुठेतरी गळती होती. तो हलला नाही.

मग डबा वजनकाट्यावर उभा ठेवून, इंजिन चालू करून, निळ्या नळीने गॅस सोडला. "लाल चावीला इंजिन चालू असताना हात लावायचा नाही; डबा फुटतो," चाचा म्हणाले. बरोबर 700 ग्रॅम. डॅशबोर्डच्या झरोक्यात त्यांनी काचेचा थर्मामीटर अडकवला. पारा 33 वरून उतरू लागला: 25, 18, 12, आणि नवावर येऊन थांबला. गाडीखालून पाण्याचा पहिला थेंब चिऱ्यावर पडला. मी वाकून तो पाहिला. तो ओलावा होता. पण आता नळीच्या बाहेर होता.

पुढे ग्रंथालयात वाचले की, 1902 साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आधुनिक वातानुकूलनाचे पहिले यंत्र योजले, ते माणसांसाठी नव्हते. एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आणि रंगांची छपाई हलत असे. ती थांबवायला ते होते. म्हणजे या यंत्राचा पहिला झगडा उष्म्याशी नव्हता, ओलाव्याशी होता. रत्नागिरीच्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी आम्हां सर्वांना गाडीत बसवले. चाचा पुढे, आजी, आई आणि मी मागे. भाट्याच्या पुलापर्यंत गेलो. काचा वर होत्या. आमच्याच गाडीत आम्ही असे कधी बसलो नव्हतो. आजी पदर लपेटून म्हणाली, "पैसे देऊन कोण गारठतं?" परतताना चढावर बाबांनी सवयीने कुलिंग बंद केले आणि काचा खाली घेतल्या. कोणी काही बोलले नाही.

बचतगटाचे हप्ते मार्चपर्यंत चालतील. नऊ हजारांबद्दल बाबांनी पुन्हा शब्द काढलेला नाही. फक्त एक बदल झाला आहे. बँकेचा किंवा विम्याचा कागद आला की ते तो माझ्या हातात देऊन निघून जात नाहीत, समोर बसतात आणि म्हणतात, "मोठ्यानं वाच." मीही वाचते, आणि जे कळत नाही तिथे 'हे मला कळलं नाही' म्हणते. आरंभी हे म्हणताना जीभ अडखळे. आता सवय झाली आहे.

तो सादळलेला ड्रायर आईने टाकून दिला नाही. परसात वेलीला आधार म्हणून रोवलेल्या काठीला बुजगावण्यासारखा टांगला आहे. त्याची दोन निळी बुचे मात्र माझ्या कंपासपेटीत आहेत.